गट : पाचवी ते सातवी

त्या वर्षी शहरातल्या आंतरशालेय चित्रकला स्पर्धेत पहिलं बक्षीस मला मिळालं. मी तेव्हा एकेचाळीस वर्षांचा होतो आणि गट होता पाचवी ते सातवी.

प्रमाणपत्रावर नाव अर्थात सहावीतल्या एका मुलाचं होतं. विषय होता गड्ड्याची जत्रा. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज निघतात, पांढऱ्या बाराबंदीतली माणसं ते उंचच उंच ध्वज पेलत चालतात. पोरानं ते सातही वाऱ्यात वाकलेल्या उसासारखे काढले होते. माणसं म्हणजे मुंग्या. आणि कोपऱ्यात एक गुलाबी फुगा, सगळ्या नंदीध्वजांपेक्षा मोठा. चित्रं शाळेनं गोळा करून पाठवायची होती आणि मुदत दुसऱ्या दिवसाची होती. मधल्या सुट्टीत डबा खाऊन मी ते चित्र समोर घेतलं. आधी फक्त काठ्या सरळ केल्या. सरळ काठ्यांखाली मुंग्या शोभेनात, म्हणून पुढची चार माणसं नीट केली, फेट्यासकट. मग मागं देऊळ आणि तळ्यात त्याचं प्रतिबिंब. प्रतिबिंबात माझा हात बसलेला आहे. शेवटी फुगा राहिला. तो पांढऱ्या पोस्टर कलरनं झाकला आणि वर आकाश दिलं.

बक्षीस घेऊन पोरगं स्टेजवरून उतरलं ते सरळ माझ्याकडं आलं. शिल्ड आणि प्रमाणपत्र माझ्या हातात ठेवून म्हणालं, "सर, हे तुमचं."

मला भरून आलं. दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये मी ही हकीकत गुरुदक्षिणा म्हणून सांगितली. एका बाईंच्या डोळ्यांत पाणीही आलं. पोरगं फक्त हिशेब चुकता करत होतं, हे कळायला मला बरीच वर्षं लागली. शिल्ड ऑफिसच्या कपाटात गेलं, प्रमाणपत्र मी त्याला परत दिलं. बक्षिसात मिळालेली रंगपेटी मात्र त्यानं ठेवून घेतली. ती त्याचीच होती, असं त्याच्या हिशेबात बसत असणार.

मी मंगळवेढ्याकडचा, ज्वारीच्या रानातला. चित्रकला शिक्षकाची पदविका, एटीडी, झालो आणि सोलापुरात सिस्टर लोकांच्या शाळेत लागलो. मराठी माध्यमाची शाळा, आवारात चर्च, व्हरांड्यात पवित्र मारियाचा पुतळा आणि त्याच्यापुढं रोज ताजी शेवंती. शाळा कॅथॉलिक असली तरी वर्गात ख्रिस्ती मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच. बाकी सगळं सोलापूर : घरी तेलुगू बोलणारी पद्मशाली मुलं, कन्नड बोलणारी लिंगायत मुलं, मोमीन-शेखांची मुलं, आमच्यासारखी तालुक्यातून आलेली. मधल्या सुट्टीत चार भाषांत भांडणं चालायची आणि मिटायची मात्र सोलापुरी मराठीत.

आठवड्याला दोन तास चित्रकला. त्यातला एक गणिताचे सर उसना न्यायचे आणि परत करायचे नाहीत. उरलेल्या पस्तीस मिनिटांत पन्नास-साठ पोरांना पाणी आणायला पाठवा, सांडलेलं पुसून घ्या, फरशीवर निळा डाग पडला तर सिस्टर यायच्या आत खसखसून घासा. या गडबडीत मी एक युक्ती शिकलो. हातात ब्रश घेऊन बाकांमधून फिरायचं आणि जिथं काही वाकडं दिसेल तिथं वाकून दोन फटकारे मारायचे. आमच्यात याला 'फिनिशिंग देणं' म्हणतात. मुलांना ते आवडायचं. "सर, माझ्या झाडाला फिनिशिंग द्या की." मी द्यायचो. सगळ्या वर्गाच्या झाडांना एकच वारा लागायचा, डावीकडून उजवीकडं, कारण माझा हात तसा वळतो.

वर्षअखेरीला भिंतीवर साठ चित्रं लागली की पालक म्हणायचे, वर्ग फार तयार आहे. तयार होतो तो मी. साठ कागदांवर एकाच वर्षात माझा सराव झालेला असायचा.

मग ग्रेड परीक्षा. एलिमेंटरी, इंटरमीजिएट. ब्रिटिश काळापासून चालत आलेल्या या परीक्षांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत पेन्सिल पोहोचवली, हे मी नाकारत नाही. मी स्वतः त्यांच्यामुळंच या धंद्यात आलो. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. पण दहावीत इंटरमीजिएटचे वाढीव गुण मिळू लागले, ए ग्रेडला ७, बीला ५, सीला ३, आणि पालकांना चित्रकलेचा एकाएकी उमाळा आला. ज्यांनी पोराला खडूची पेटी घेऊन दिली नव्हती ते विचारू लागले, "सर, ए कशानं येतोय?"

मी सांगू लागलो कशानं येतोय. स्मरणचित्रासाठी मी पाच माणसं बसवून घेतली. एक पाठमोरी बाई, डोक्यावर पाटी. एक फुगेवाला. एक छत्रीवाला. एक वाकलेला म्हातारा. एक कुत्रा, तोही बाजूनंच दिसणारा, कारण समोरून कुत्रा अवघड. ही पाचजणं पाठ झाली की विषय काहीही येवो. बाजार आला की पाचही बाजारात. बसस्टँड आला की पाचही बसस्टँडवर. पावसाळ्याचा दिवस आला की सगळ्यांच्या डोक्यावर छत्री, कुत्र्याच्या सोडून. मागं तीन त्रिकोणी डोंगर, डोंगरातून नदी, नदीकाठी नारळ.

सोलापुरात डोंगर नाही. नारळाचं झाड बघायचं तर कुणाच्या तरी बंगल्याच्या कुंपणावरून डोकवावं लागतं. उन्हाळ्यात पारा ४३-४४ला टेकतो आणि पावसाळा म्हणजे ढगांची ये-जा. आमच्या पोरांच्या डोळ्यांसमोर रोज काय असतं? बंद पडलेल्या गिरणीचं धुराडं. पत्र्याचे कारखाने. रंग देऊन बांबूवर वाळत टाकलेल्या सुताच्या लडी, लाल, हिरव्या, राणी रंगाच्या, अख्खा बोळ भरून. या लडींचं चित्र माझ्या वर्गात कधी निघालं नाही. मी त्यांना नदी काढायला लावत होतो.

निकाल चांगला लागायचा. एका वर्षी शंभर टक्के लागला तेव्हा माझा सत्कार झाला. सत्कारात सोलापुरी चादर मिळाली.

चादरीवरून आठवलं, आता तेही सांगून टाकतो.

सातवीत एक मुलगा होता. वस्तुचित्राला मी टेबलावर स्टीलचा मग आणि एक वांगं ठेवलं होतं. पोरानं आधी पट्टीनं सगळ्या कागदावर बारीक चौकोन आखले, वहीसारखे, आणि मग एकेक चौकोन भरत मग काढायला लागला. कडा गोल येईना. पायऱ्या-पायऱ्यांची. जिन्यासारखा मग. तास संपत आला तरी वांगं सुरूही नाही. मी कागद उचलून वर्गाला दाखवला आणि म्हणालो, "बघा रे, ह्यानं मग काढायच्याऐवजी फरशी बसवलीय." वर्ग हसला. वर्ग हसला की मास्तराला चढते. मी आणखी दोन विनोद केले.

"नान्ना असंच काढतात की सर," तो म्हणाला. तेलुगू घरांत वडलांना नान्ना म्हणतात. मी म्हणालो, "मग नान्नाकडंच शीक." त्यानंतर तो चौकोन आखायचा बंद झाला आणि माझी पाठमोरी बाई शिकला. त्याला बी ग्रेड मिळाला.

काही वर्षांनी शाळेच्या कार्यक्रमासाठी पाहुण्यांना द्यायला चादरी आणि एक वॉल हँगिंग ठरवायचं होतं. मला अशोक चौकाच्या पुढं एका कारखान्यात पाठवलं. बाहेर मागांचा खडखडाट, बोललेलं ऐकू येऊ नये असा. आतल्या खोलीत एक गृहस्थ ट्यूबलाइटखाली बसले होते. समोर टेबलाएवढा ग्राफ पेपर, हातात शून्य नंबरचा ब्रश. ते एकेक चौकोन लाल भरत होते. मी वाकून बघितलं तर नुसत्या पायऱ्या. "मागं सरका सर," ते म्हणाले. मी चार पावलं मागं गेलो आणि पायऱ्यांतून मोराची मान वर आली, इतकी गोल की हात फिरवावा वाटावा.

त्यांनी मला सगळं दाखवलं. एक चौकोन म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक छेद. भरलेल्या चौकोनाला पुठ्ठ्याच्या कार्डात भोक पडतं, रिकाम्याला नाही. भोक असेल तिथं जॅकार्ड यंत्राची सुई आत शिरते आणि तिचा धागा वर उचलला जातो. भोक नसेल तिथं धागा खालीच राहतो. अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवून मागाच्या डोक्यावर फिरतात आणि खाली चादरीत मोर उतरतो. जाकार नावाच्या फ्रेंच माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे यंत्र तयार केलं. पुढं संगणकाला माहिती भरवायची पंच कार्डं आली तीही याच घराण्यातली. माझ्या सत्काराची चादर अशीच निघालेली होती. तिच्यावर झोपून मी दोन उन्हाळे काढले होते आणि तिची कड कधी जवळून बघितली नव्हती. प्रत्येक गोलाई पायऱ्यांची होती.

गृहस्थांनी मला ओळखलं होतं. मी त्यांना नाही. चहा मागवला. "पोरगं आता कॉम्प्युटरवर डिझाइन करतंय," ते म्हणाले, "तुमच्याच हाताखाली शिकलंय सर."

मी चहा प्यालो. खरं काय ते सांगता आलं असतं. बाहेर माग इतके वाजत होते की ऐकू आलं नसतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. पण आतल्या खोलीत सगळं स्वच्छ ऐकू येत होतं.

तिसरी गोष्ट मुतारीची आहे. अनुभवकथनात मुतारी येऊ नये असा आपल्याकडं संकेत आहे, पण शाळेत मुलं सर्वांत मोकळेपणी चित्रं तिथंच काढतात. एका सोमवारी मुलांच्या मुतारीच्या भिंतीवर कोळशानं काढलेला एक माणूस सापडला. पोट पुढं, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एका हातात ब्रश, दुसरा हात कमरेवर, आणि ब्रशमधून जे गळत होतं ते रंग नव्हे. खाली नाव नव्हतं. गरजही नव्हती. शिपाईसुद्धा माझ्याकडं बघून ओठ दाबत होता.

कोणी काढलं ते शोधायचं काम माझ्यावरच आलं, कारण हात ओळखणारा शाळेत मी एकटा. मी पाच मिनिटांत ओळखलं. तशी रेघ शाळेत एकाचीच होती. सुरू झाली की न उचलता शेवटापर्यंत जाणारी, कुठं दाबायचं आणि कुठं सोडायचं ते कळणारी. नववीतला मुलगा. मी नाव सांगितलं. पालकांना बोलावलं गेलं, वडलांनी आमच्यासमोर त्याच्या कानफटात दिली, आठ दिवस घरी बसवलं. मी गंभीर चेहऱ्यानं म्हणत होतो, हा व्यक्तीचा प्रश्न नाही, शिस्तीचा आहे. प्रश्न व्यक्तीचाच होता. चित्र माझ्यासारखं दिसत होतं, तेच झोंबलं होतं. मी पाच वर्षं त्याला चेहऱ्याची प्रमाणं शिकवत होतो आणि त्यानं एकही प्रमाण न पाळता मला गाठलं होतं.

फ्रान्सिस न्यूटन सूझा नावाचा गोव्याचा पोरगा, १९२४ साली साळगावात जन्मलेला, मुंबईत पाद्र्यांच्या शाळेत शिकत होता. शाळेच्या संडासात अश्लील चित्रं काढल्याबद्दल त्याला काढून टाकलं. तो पुढं सांगायचा की चित्रं दुसऱ्यांची होती, मी फक्त त्यांतलं चुकलेलं ड्रॉइंग दुरुस्त करत होतो. १९४७मध्ये याच सूझानं हुसेन, रझा वगैरे मंडळींना घेऊन प्रोग्रेसिव्ह ग्रुप काढला. त्यातले हुसेन तर आमच्या जिल्ह्यातले, पंढरपुरात जन्मलेले. हे सगळं मी तेव्हाही वाचलेलं होतं. नववीच्या मुलांना ऐकवतही होतो, सूझाचा किस्सा तर रंगवून. तो मुलगा तेव्हा दुसऱ्या बाकावर बसून ऐकत असायचा. आठ दिवसांनी परत आल्यावर तो शेवटच्या बाकावर गेला. वर्षभर त्यानं अगदी प्रमाणशीर चेहरे काढले.

सुधारायचा प्रयत्न मी केला नाही असं नाही. लॉस एंजेलिसमध्ये कॉरिटा केंट नावाची एक नन चित्रकला शिकवायची. तिच्याबद्दल वाचलं की ती विद्यार्थ्यांना पुठ्ठ्यात छोटी चौकट कापायला लावायची आणि त्या खिडकीतून जग बघायला सांगायची. खिडकीत येईल तेवढंच बघायचं, बाकी सगळं सोडून. मला ते फार पटलं. घरात साठलेल्या लग्नपत्रिका फोडून मी साठ खिडक्या कापल्या. पोरं एका डोळ्यानं बघत मैदानभर पांगली, आणि मी मागनं ओरडलो, "चर्चचा मनोरा बघा, मनोरा!" साठच्या साठ मनोरे आले. एका पोरीनं नळाखालची मोरी काढली होती, तिच्यात पडलेल्या आकाशासकट. तिनं तो कागद मला दाखवला नाही. मैत्रिणीला दाखवत होती तेव्हा मी मागं उभा होतो. यावेळी मी ब्रश खिशात ठेवला. तेवढीच माझी प्रगती.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते.

नाताळच्या आधी शाळेत गव्हाणीचा देखावा आणि चित्रांचं प्रदर्शन असायचं. सहावी-सातवीला विषय दिला होता, येशूचा जन्म. मी फळ्यावर नेहमीचं काढून दिलं : गोठा, तारा, निळ्या झग्यातली मारिया, हात जोडलेला योसेफ, गाढव, बैल, तीन राजे. सातवीतली एक मुलगी कुंभारीजवळच्या गोदूताई परुळेकर वसाहतीतून यायची. बिडी कामगार बायकांनी वर्षानुवर्षं झगडून मिळवलेली १०,००० घरांची ती वसाहत. तिची आई बिडी वळायची, आजीही. मुलगी अबोल, सांगितलेलं करणारी. म्हणून तिच्याकडं मी शेवटी गेलो.

तिच्या चित्रात गोठा नव्हता. पत्र्याची खोली होती. भिंतीला टेकून, एक पाय लांब करून मारिया बसलेली, हिरव्या काठापदराच्या साडीत, केसांत अबोली. मांडीवर सूप. सुपात तंबाखू, कातरलेली पानं, दोऱ्याचं रीळ, कात्री. वर सोलापुरी चादरीची झोळी टांगलेली आणि झोळीतून बाळाचा एक पाय बाहेर आलेला. मारियाचे दोन्ही हात बिडीत आणि झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली, म्हणजे पाय हलवला की झोका. योसेफ दारात सुताचे कोन घेऊन उभा. गाढवाच्या जागी शेळी. तारा म्हणून तिनं ट्यूबलाइट काढली होती आणि तिच्याभोवती किडे.

मी विचारलं, "हे सूप कशाला?"

"बिडीचं हाय सर."

"अगं पण आत्ताच बाळ झालंय ना तिला?"

"बाळ झाल्यावर पण अम्मा कामच करती की सर."

माझ्या पोटात गोळा आला. मी ख्रिस्ती नाही. दुसऱ्याच्या देवघरात पाय जपून टाकावा, हे माझ्या आईनं शिकवलेलं. पवित्र मारियाच्या मांडीवर तंबाखू! प्रदर्शनाला फादर येणार, शहरातली चार प्रतिष्ठित मंडळी येणार. कुणी म्हणालं की मुद्दाम केलं, तर? वर्तमानपत्रात आलं तर? कुणी मला काही सांगितलं नव्हतं, कुणी चित्र बघितलंही नव्हतं. मी मनातल्या मनात सिस्टरना बोलावलं, फादरना बोलावलं, त्यांच्या चेहऱ्यावर आठ्या घातल्या आणि त्या आठ्यांना घाबरलो.

मुलीला म्हणालो, "छान आहे. जरा फिनिशिंग देतो."

ती उठून बाजूला उभी राहिली. तिच्या जागेवर बसून, तिच्याच ब्रशनं मी सूप पांढऱ्यानं झाकलं आणि वर पिवळं गवत काढलं. अंगठ्याची दोरी गवतात गेली. मारियाचे हात जोडून घेतले. मग साडी. साडी लपवायला गडद रंग पाहिजे, म्हणून अल्ट्रामरीनची बाटली उघडली आणि डोक्यापासून पायापर्यंत निळा झगा चढवला. युरोपातले जुने चित्रकार मारियाला हाच निळा द्यायचे. तो अफगाणिस्तानातल्या बदख्शानच्या लाजवर्द दगडातून निघायचा आणि फार महाग पडायचा, म्हणून तिच्यासाठी राखलेला. ही माहिती मी चित्र बिघडवताना तिला सांगत होतो. ती ऐकत होती. अबोलीचा गजरा मी ठेवला. तेवढं औदार्य दाखवलं. पण निळ्या झग्यावर तो विचित्र दिसायला लागला, म्हणून तोही काढला.

प्रदर्शनाला तिची आई आली. बिडी कंपनीच्या ब्रँचमध्ये बिड्या देऊन तशीच आली असावी, बोटांना पानाचा काळसर डाग होता. "हिचं कुठलं सर?" तिनं विचारलं. मी दाखवलं. ती बराच वेळ बघत राहिली. मग लेकीला तेलुगूत काहीतरी विचारलं. मुलीनं मान हलवली, हो की नाही ते मला कळलं नाही. आई मला म्हणाली, "चांगलं काढलीय." आणि पदराला हात पुसून पुढच्या चित्राकडं गेली.

संध्याकाळी सिस्टर भिंतीपुढं उभ्या होत्या. त्या वसईच्या. मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायच्या. म्हणाल्या, "सर, सगळ्या मारिया एकाच कारखान्यातून आल्यासारख्या दिसतात." मी हसलो. का कुणास ठाऊक, पण मी त्यांना त्या चित्राचं सांगितलं. एखादा संभाव्य घोळ मी कसा वेळेवर निस्तरला, अशा थाटात सांगितलं. सूप, बिडी, झोळी, अंगठ्याची दोरी.

सिस्टर काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "माझी आजी तांबडं लुगडं नेसून मिस्साला जायची. आमच्याकडे सगळ्याच बायका जायच्या. मारियानं साडी नेसली तर काय बिघडलं?"

"पण तंबाखू, सिस्टर…"

"गव्हाण म्हणजे काय, सर? जनावरांच्या चाऱ्याचं भांडं. देवाच्या बाळाला तिथं ठेवलं, ते चालतं ना आपल्याला?" त्या त्या चित्राजवळ गेल्या, चष्मा वर करून बघितलं. "मूळ कुठं आहे?"

मी बोटानं निळा रंग दाखवला. "ह्याच्या खाली."

पुढं एका मे महिन्यात गोव्याला गेलो तेव्हा पर्वरीच्या झेवियर सेंटरमध्ये आंजेलो द फोन्सेका यांची चित्रं बघितली. सांत इस्तेवचा हा माणूस, १९०२चा. मुंबईचं जे. जे. कला महाविद्यालय सोडून शांतिनिकेतनला गेला, अवनींद्रनाथ टागोरांकडं आणि नंदलाल बोसांकडं शिकला, आणि परत येऊन त्यानं साडीतली, सावळी, अनवाणी मारिया काढली. गोव्यात लोकांना ती सहन झाली नाही. तो पुण्याला ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात येऊन राहिला आणि आयुष्यभर तशाच मारिया काढत १९६७मध्ये वारला. त्या चित्रांपुढं बायको म्हणाली, "किती आपल्यातली वाटते नाही?" मी म्हणालो, ऊन फार झालंय, चल. फोन्सेकाला निदान विरोध करायला खरी माणसं होती. माझ्या वर्गातल्या मुलीला विरोध करणारा तिच्या शेजारी ब्रश घेऊन उभा होता आणि तिला शाबासकी देत होता.

पण ते नंतरचं. त्या डिसेंबरात सिस्टर एवढंच म्हणाल्या की तिच्याकडून पुन्हा काढून घ्या, मला ऑफिसात लावायचंय. नाताळची सुट्टी संपल्यावर मी त्या मुलीला बोलावलं. चांगला जाड कागद दिला, माझी स्वतःची रंगपेटी दिली. म्हणालो, "तुझं पहिलं होतं ना, साडीचं, सुपाचं, अगदी तसंच काढ. सिस्टरना पाहिजे. मी बघणार नाही, हातही लावणार नाही." आणि खरंच लांब जाऊन बसलो. ती दोन तास काढत होती. एकदाही वर बघितलं नाही.

कागद आणून तिनं माझ्यापुढं ठेवला. गोठा होता, तारा होता, गाढव होतं. पिवळं गवत. मारियानं हात जोडलेले. डोक्यापासून पायापर्यंत निळा झगा, आणि त्याची घडी डावीकडून उजवीकडं पडलेली, तंतोतंत माझ्या हातासारखी.

"असंच पाहिजे ना सर?" ती म्हणाली.